तुरीचा पाळणा घेऊन लातूरला

नांदेडचा माणूस लातूरला जातो तो पोराला क्लासला घालायला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. मी परवा श्रावणात गेलो तो काखेत कागदाची गुंडाळी मारून, एका पाळण्याचा आराखडा दाखवायला. हे असं एकदम सांगितलं की लोक विषय बदलतात, म्हणून जरा आधीपासून सांगतो.

आमचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, 'वरखाली मंडळ'. त्यात सगळे पाळणेवेडे. जत्रेतला आकाशपाळणा, कोलंबसची नाव, ब्रेक डान्स, टोराटोरा, मोठ्या शहरांतली मोठाली पार्कं, जे जे फिरतं आणि पोटात गोळा आणतं त्यात आम्ही बसतो आणि खाली उतरल्यावर त्यात काय सुधारणा करायला हवी ते एकमेकांना सांगतो. पार्कवाल्यांनाही कळवतो. त्यांनी विचारलेलं नसतं, पण म्हणून आम्ही थांबत नाही. भोकरचे शेळके सर शाळेत भूगोल शिकवतात, त्यांनी लातूरसाठी एक भूतबंगला सुचवलाय. आत शिरलं की अंधारात बारावीचा निकाल लागलेला असतो आणि कोपऱ्याकोपऱ्यातून नातेवाईक बाहेर येऊन विचारतात, "किती पडले?" दुसऱ्या एकाने पाण्याची घसरगुंडी सुचवली आहे, टँकर आला की चालू होणारी.

मंडळातला चित्रकार म्हणजे मी. माझं झेरॉक्सचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे, त्यामुळे मोठा कागद आणि रिकामा वेळ दोन्ही हाताशी असतात. भरपूर आराखडे काढले, पाठवले. एका पार्ककडून 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' एवढं उत्तर आलं होतं, ते मी प्रिंट काढून ठेवलंय. बाकी शून्य. आपण सुचवलेली एक तरी गोष्ट कुठेतरी उभी राहिलेली डोळ्यांनी बघायची, एवढीच माझी इच्छा आहे. लोक घर बांधायची स्वप्नं बघतात, मला एक पाळणा चालेल.

आणि मग लातूरहून अप्पांचा निरोप आला. अप्पा म्हणजे डाळ मिलचे मालक. त्यांनी औसा रस्त्याला स्वतःच्या शेतात 'मौजमळा' नावाचं छोटं पार्क काढलंय. ग्रुपमधल्या कुणीतरी आमची कीर्ती त्यांच्या कानावर घातली असावी. "या की साहेब. अर्धा एकर मोकळा पडलाय. तिथं काय करू ते सांगा. पंचमीनंतर गर्दी बी असती, बघून घ्या," असा आवाजी निरोप. तो मी इतक्या वेळा ऐकला की बायको म्हणाली, "आता पाठ झालाय मला."

बायकोचं नाव मंगल. ग्रुपमध्ये ती माझ्या एका वाक्यामुळे प्रसिद्ध आहे: 'आमच्या सौभाग्यवतींना उंचीची भीती वाटते.' लग्नानंतर आम्ही जिथे जिथे पाळण्यांत बसायला गेलो, तिथे मी वर आणि ती खाली. पर्स, डबा, पाण्याची बाटली, माझा चष्मा, माझ्या चपला घेऊन कठड्याला टेकून उभी. मी उतरलो की विचारणार, "कसं होतं?" मी सांगणार. ती ऐकणार. तिच्यासाठी म्हणून मी 'भित्र्यांचा झोपाळा' असा एक खास आराखडाही काढला होता. इतका सावकाश हलणारा की शेळके सरांनी विचारलं होतं, हा चालू कधी होतो.

या वेळी तिला सोबत नेण्याचं कारण वेगळं होतं. तिचं माहेर कंधारजवळ, रस्त्यात. पंचमीला लेकीला न्यायला माहेरून माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. दरवर्षी तिचा भाऊ यायचा आणि घेऊन जायचा. पंचमीला जावई सोबत जात नाही, त्यामुळे मी त्या दिवसांत दुकानात खिचडी खात असतो. यंदा भावाला पुण्यात सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मीच पोचवतो, एक दिवस राहू आणि तिथून लातूर. म्हणजे स्वतःच्या बायकोचा मुराळी मीच झालो. याचा त्रास पुढे झाला.

पहिला दिवस: नांदेडहून लोह्यामार्गे कंधार. एसटीने गेलात तर खिडकी उजवीकडची धरा, ऊन लागत नाही. बायकांना अर्धं तिकीट असल्याने मंगल कंडक्टरसमोर नेहमी जरा ताठ बसते. सोयाबीन गुडघ्याला आलेलं, पावसाने उघडीप दिलेली, रस्ता लोह्यापर्यंत गुळगुळीत. लोह्यानंतर मात्र बस अशी काही उसळते की मंडळाने तिला गुण द्यायला हवेत. मागच्या सीटवर दोन उशा लागतील एवढीच सुधारणा मला सुचली. लोह्याच्या स्टँडवर भजी खाल्ली, गरम होती, एवढ्यावर मी खूश होतो.

कंधारचा किल्ला बघायचा असेल तर सकाळी लवकर जा. खंदकात पाणी असतं, आत गवत माजलेलं असतं, त्यामुळे बूट घाला. मी बुरुजावर उभा राहून इथून खंदकावर तारेवरचा झोका बांधला तर कसं, याचा अंदाज घेत होतो. शेजारी शेळ्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय मोजून राह्यले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पडाल," आणि तंबाखू मळायला लागले. आमच्या मंडळात इतका नेमका अभिप्राय कुणी देत नाही.

सासरवाडीत पोचलो तर अंगणात धाकट्या मेव्हणीने, छायाने, दोन्ही हात कमरेवर ठेवून विचारलं, "मुराळी कोण आलंय म्हणे? दाजी, तुमीच? मग तुमाला बी बांगड्या भरायच्या का मुराळ्याचा टावेल द्यायचा, ते सांगा." गल्लीतल्या बायका हसायला जमल्या. मी गुंडाळी सांभाळत आत गेलो.

दुसरा दिवस, पंचमी. या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाचे उकडलेले दिंड आणि त्यावर तुपाची धार. मी किती खाल्ले ते छाया सगळ्यांना सांगत होती, मी इथे सांगणार नाही. दुपारी सगळ्या बायका गावाबाहेरच्या चिंचेकडे निघाल्या. झोका बांधला होता. मंगल म्हणाली, "तुम्ही येऊ नका, बायकांचं असतं." पण पाळणेवेड्या माणसाला झोक्यापासून लांब ठेवणं अवघड. शेजारचे एक काका बैल बांधायला तिकडेच जात होते, त्यांच्या आडोशाने गेलो.

चिंच भलतीच मोठी. सोलाचा जाड दोर, खाली लाकडी फळी. पट्टा नाही, दांडी नाही, जाळी नाही. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, एक गुडघे वाकवून रेटा देते, मग दुसरी देते, आणि झोका वर चढत जातो. खालच्या बायका गाणी म्हणत असतात. मी मनातल्या मनात सुरक्षेचे मुद्दे काढायला लागलो होतो, इतक्यात फळीवर चढलेल्या दोघींपैकी एकीने पदर कमरेला खोचला आणि माझ्या लक्षात आलं की ती मंगल आहे.

तिने पहिला रेटा दिला. दुसरा दिला. मग मी मोजणं सोडलं. झोका फांदीच्या उंचीला जाऊन आला, पुन्हा गेला, आणि तिने वरच्या टोकाला पाय उचलून चिंचेच्या पाल्याला लावला. खालून आरडाओरडा झाला. ती हसत होती. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती अशी हसलेली नाही. माझ्या पोटात जो गोळा आला तसा कुठल्याही पार्कात आला नव्हता, आणि मी तर जमिनीवर उभा होतो.

"अगं, उतर!" मी ओरडलो. त्यामुळे मी पकडला गेलो.

पुढचं थोडक्यात. बायकांनी मला ओढून फळीवर बसवलं. उभं राहणं जमणार नाही हे त्यांनीच ठरवलं. छायाने मागून रेटा दिला. "दाजी, डोळे उघडा की! दाजी, गाणं म्हणा!" मी काय म्हटलं ते आठवत नाही, पण ते गाणं नव्हतं. उतरल्यावर मला बाजेवर आडवं केलं आणि कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. मोठमोठ्या पार्कांतल्या उलट्या फिरणाऱ्या राइडमध्ये बसून आलेला मी, वरखाली मंडळाचा चित्रकार, पंचमीच्या झोक्यावर गार झालो.

संध्याकाळी ज्वारीच्या लाह्या खात ओट्यावर बसलो असताना मी मंगलला विचारलं, "तुला उंचीची भीती वाटते ना?"

"कोण म्हणालं?"

"मी."

"हां, मग तुम्हीच म्हणाला असाल."

"मग तू कधी बसत का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं दुकानात कुणी झेरॉक्सची झेरॉक्स मागितल्यावर मी बघतो. "पिशव्या कोण धरणार होतं?" म्हणाली, आणि लाह्यांचं भांडं घेऊन आत गेली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्या रात्री ग्रुपवर काहीच टाकलं नाही, तर सरांनी विचारलं तब्येत बरी आहे ना.

तिसरा दिवस, लातूर. कंधारहून परत लोहा, मग अहमदपूर, चाकूर करत लातूर. बस भरलेली, माहेरपणाच्या पिशव्यांनी रॅक भरलेली. आमच्याकडे लाह्यांची पिशवी, पापडांची पिशवी आणि दिंडांचा डबा अशी सगळी चळत होती. लातुरात उतरल्यावर निलंगा राइस खाल्ला, पिवळाधमक, शेंगदाण्यांचा, पोट भरतं आणि खिशाला कळत नाही. रिक्षावाल्याने बाजारातल्या गोल गंजगोलाईला वळसा घालून नेलं. इतक्या बाजूंनी रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येकातून एक दुचाकी आपल्याकडेच निघालेली असते. जिथे तिथे क्लासचे फलक, त्यावर हसणारी मुलं. औसा रस्त्याला लागल्यावर डाळ मिलांची धूळ मागे पडली आणि लांबून आकाशपाळणा दिसला. मी गुंडाळीचा रबर सारखा केला.

मौजमळा अगदी साधा. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, पोरांची आगगाडी आणि मधोमध कोलंबसची मोठी नाव. आत शिरायचं तिकीट किरकोळ, प्रत्येक पाळण्याचं वेगळं. पंचमीची गर्दी होती, ट्रॅक्टर-टेम्पो भरून आलेली. अप्पा पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला भस्म, खुर्च्या मांडून वाटच बघत होते. चहा झाला. मी टेबलावर कागद पसरला.

कल्पना अशी होती. लातूर डाळीचं गाव, म्हणून 'तुरीचा प्रवास'. तुम्ही पोत्याच्या आकाराच्या गाडीत बसायचं. आधी चाळणीवरून थरथरत जायचं. मग वरून पाण्याचे शिंतोडे, मग गरम वाऱ्याचा झोत. मग दोन मोठ्या चाकांच्या मधून जाताना गाडी दुभंगते, नवरा एका रुळावर, बायको दुसऱ्या. शेवटी पॉलिश, म्हणजे कुंचे, आणि धाडकन काट्यावर. काट्यावर सगळ्यांसमोर वजन दिसतं.

अप्पांनी लक्ष देऊन ऐकलं. दोन ठिकाणी बोट ठेवून विचारलं. गाडी दुभंगते तिथे हसले. आता हो म्हणतील असं वाटत होतं.

"साहेब," ते म्हणाले, "चित्र लई भारी हाय. पण माझं बघा. सकाळी मिल, दुपारी मिल. संध्याकाळी जरा मोकळं व्हावं म्हणून हितं येतो. हितं बी मिलमधेच बसू व्हय? आन् ह्या मान्सांनी वर्षभर तूरच केलीय. पैसे देऊन परत तूर व्हतील का?"

मी म्हटलं, विचार करण्यासारखं आहे. हिरमुसून कागद परत गुंडाळला. शेळके सरांचा भूतबंगलाही मी प्रामाणिकपणे सांगितला. अप्पांचा नातू यंदा बारावीला होता. तो विषय त्यांनी हात जोडूनच बंद केला.

मग ते मंगलकडे वळले. "ताई, तुमाला काय सुचतंय?"

"मला त्यातलं कळत नाही," ती म्हणाली. "पण मला त्या नावेत बसायचंय."

आणि उठली. पर्स माझ्या हातात दिली. लाह्यांची पिशवी दुसऱ्या हातात, पापडांची मनगटाला, डबा काखेत, कागदाची गुंडाळी दुसऱ्या काखेत. चपला माझ्या पायाशी काढल्या. "इथंच उभे राहा," म्हणाली आणि गेली.

नाव अर्धी रिकामी होती. कठड्याला टेकून मी आयुष्यात पहिल्यांदा ती खालून बघितली. खालचं जग वेगळंच असतं. माझ्या दोन्ही बाजूंनी बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात कुणाचं ना कुणाचं काहीतरी. टोपी, बूट, लेकरू, सुनेची ओढणी. शेजारची एक काकू माझ्याकडे बराच वेळ बघत होती. पिशव्या धरलेला पुरुष तिने पूर्वी पाहिला नसावा.

"भाऊ, तुमी हितंच हाव का?"

"हो."

"मंग येवढं धरा बरं जरा. मी बी बसून येते." आणि तिने पिशवी माझ्या गळ्यात अडकवली.

एकीने दिली म्हटल्यावर दुसरीने दिली. कुणी "आमचं बी असू द्या" म्हणत स्टीलचा डबा ठेवला, कुणी गॉगल, कुणी नवऱ्याच्या चपला. नाव भरली. तिकीटवाला चकित होऊन आणखी बायका बसवायला लागला. नाव वर गेली आणि वरून असा काही किलकिलाट झाला की ब्रेक डान्सची गर्दी इकडे वळली. मंगल सगळ्यात मागच्या टोकाला होती. दांडीला हातसुद्धा लावलेला नव्हता.

मला हलता येईना. नाकावर माशी बसली तर उडवायला हात मोकळा नव्हता. अप्पा हळूहळू चालत आले. "साहेब, दुकान टाकलं का काय?"

"अहो अप्पा," मी वैतागून ओरडलोच, "अर्धा एकर राहू द्या बाजूला! आधी इथं चार खुंट्या मारा आणि एक माणूस बसवा! माणसाला माशी उडवता येत नाही!"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भरलेल्या नावेकडे, मग पुन्हा माझ्या गळ्यातल्या पिशव्यांकडे. "च्यायला," ते म्हणाले, "नाव घेतल्यापासून अर्धी रिकामीच फिरून राह्यली. मला वाटायचं बाया भितेत." आणि तिथूनच त्यांनी मिलमधल्या वेल्डरला फोन लावला.

नाव थांबली. बायका केस सारखे करत उतरल्या आणि आपापली पिशवी बरोबर ओळखून घेऊन गेल्या. मंगल आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. मी विचारलं, "कसं होतं?"

"चला, दाखवते," ती म्हणाली. तिने आमचं सगळं सामान अप्पांच्या हातात दिलं. लातूरच्या नामांकित मिलमालकांनी पापड आणि लाह्या घेऊन कठड्याला टेकून उभं राहायचं मान्य केलं, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. आम्ही दोघं मागच्या टोकाला बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका बाकावर. नाव वर गेली, औसा रस्ता तिरका झाला, आणि तिने माझा हात धरला. मला वाटलं प्रेमाने. मी दांडी सोडावी म्हणून तिने तो धरला होता.

खाली उतरल्यावर मी सवयीने बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, सांगायला कुणी नाही. तिला सगळं माहीत होतं. परतीच्या बसमध्ये मी तेच घोळवत बसलो. खरं सांगायचं तर मला त्या राइडपेक्षा तिचं ते "कसं होतं?" जास्त आवडत असणार, आणि ते आता संपलं होतं. वाईट वाटलं. मग अहमदपूरला ती झोपेत माझ्या खांद्यावर कलंडली आणि बरं वाटलं.

आता घरी येऊन आठवडा झालाय. काल अप्पांचा फोटो आला. नावेजवळ पत्र्याची शेड, तिच्यात लोखंडी पाइपवर ओळीने खुंट्या, खाली चपलांची फळी आणि राखायला स्टुलावर एक मावशी. खुंट्यांवर पिशव्या लोंबकळत होत्या आणि मागे नाव भरलेली होती. अगदी शेवटच्या खुंटीला माझी कागदाची गुंडाळी अडकवलेली दिसली. गडबडीत तिथेच राहिली होती. म्हणजे तुरीचा प्रवास अखेर मौजमळ्यात लागला म्हणायचा.

मंडळात मोठा वाद झाला. अमलात आलेली सूचना मंडळाच्या इतिहासात ही एकच. शेळके सरांचं म्हणणं, खुंटी ही राइड नव्हे, त्यामुळे धरता येणार नाही. मतदान चालू आहे. मी फोटोची मोठी प्रिंट काढून दुकानात लावलीय, 'धन्यवाद'च्या शेजारी.

फोटो मंगललाही दाखवला. तिने नीट बघितला, कौतुक केलं, आणि लगेच छायाला फोन लावला. मी आतल्या खोलीत ऐकत होतो.

"हाव, मारल्या खुंट्या. आता बसाय कुणाची आडकाठी न्हाई. तू बी ये पुढच्या पंचमीला, आपुन दोघी जाऊ. नाव चांगलीच हाय गं, पण अजून थोडी वर जायला पायजे. आन् दांडी नको. आन् एक सुधारणा लई गरजेची हाय." ती थांबली. मी दाराला कान लावला. मंडळासाठी लिहून घ्यावं म्हणून पेनही उघडलं.

"शेजारचा माणूस फार वरडतो," ती म्हणाली. "त्याला खुंटीला टांगायची सोय पायजे."